पोपट दिसेल, फोटोची हमी नाही: तिलारीच्या जंगलातल्या एका होमस्टेबद्दल

फोटोच हवा असेल तर हे पॅकेज घेऊ नका. मोबाइलवाल्यांनी तर नाहीच, पण हातभर लेन्स बाळगणाऱ्यांनीही दोनदा विचार करावा. पक्षी बघायचा असेल, तोही तासभर मान वर करून उभं राहायची तयारी ठेवून, तर मात्र सिंधुदुर्गात यापेक्षा बरी सोय मला माहीत नाही.

होमस्टे दोडामार्ग तालुक्यात आहे, तिलारी धरणाच्या वरच्या अंगाला. चार खोल्या, पुढे अंगण, मागे काजूची बाग, आणि बाग संपते तिथे जंगल सुरू. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या पक्ष्यासाठी मी गेले त्याची ढोली या घराच्या कुंपणापासून चालत गाठता येते, आणि घरट्याचा पत्ता सगळ्यांना कळला की काय होतं ते तिबोटी खंड्या या बिळात घर करणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत कोकणाने पुरेसं पाहिलं आहे. पावसाळ्यात एकेका बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. पक्षी बघणाऱ्या ओळखीच्या कुणालाही विचारलंत तर नाव कळेल, तेवढे कष्ट घ्या.

आता पक्षी. ‘पोपट बघायला एवढ्या लांब?’ हा प्रश्न मला घरी, बँकेत आणि कोकण रेल्वेच्या डब्यातसुद्धा विचारला गेला. प्रश्न बरोबरच आहे. आमच्या सोसायटीच्या पिंपळावर रोज संध्याकाळी राघूंचा एवढा कालवा असतो की फोनवर बोलता येत नाही. पण हा पोपट त्यातला नाही. लटकणारा पोपट, पक्षीवाले नुसतं ‘हँगिंग पॅरट’ म्हणतात. लांबी १४ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही कमीच. लांब शेपूट नाही, गळ्याभोवती कंठ नाही. अंग पोपटी हिरवं, चोच लाल, आणि कमरेपासून शेपटीपर्यंत लाल रंगाचा ठसठशीत पट्टा, जो पक्षी उडाला की आधी दिसतो. नराच्या गळ्याला निळा डाग असतो, मादीला तो जवळजवळ नसतोच. आणि झोपतो उलटा. पायांनी फांदी धरून, डोकं खाली करून, वटवाघळासारखा, रात्रभर. जगात पोपटांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, पण असं नेमाने उलटं झोपणारं कुळ हे एकच.

दुर्मीळ म्हणावा तर तसाही नाही. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात आंबोली-तिलारीपासून खाली केरळपर्यंत आहे, पूर्व घाटात आहे, ईशान्य भारतात, अंदमानात, पुढे म्यानमार-थायलंडकडे आहे. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला नाही. तरीही महाराष्ट्रात जन्म काढलेल्या माणसांना तो माहीत नसतो, कारण तो खाली येतच नाही. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, पंचवीस मीटर वर, पाठीमागे पांढरं आभाळ. माझ्या मते आपल्या राज्यातला हा सगळ्यात दुर्लक्षित देखणा पक्षी आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तो पाहिलेला नाही.

म्हणून या होमस्टेचं परीक्षण म्हणजे खरं तर त्यांच्या गाईडचं परीक्षण आहे. बाकी सगळं ठीकठाक आहे, गाईड मात्र सोनं आहे.

तिशीतला मुलगा, गावातलाच. आधी काजूच्या बागेत कामाला जायचा. मला पहिल्यापासून काकी म्हणाला, नवऱ्याला सर. (नवऱ्याला ते आवडलं, मला माझं जास्त आवडलं.) पहिल्या सकाळी त्याने दुर्बीण गळ्यात घालूच दिली नाही. ‘आदी आयका,’ म्हणाला. हा पक्षी उडताना बारीक, तीक्ष्ण आवाजात ‘ची-ची-ची’ करतो, तीनदा, मग क्षणभर थांबून पुन्हा. राघूच्या किंकाळीशी त्याचं काही नातं नाही, सूर्यपक्ष्याचा आवाज म्हणून कान सोडून देईल असा तो आवाज आहे. गाईड आम्हाला पायवाटेवर उभं करायचा आणि आवाज आला की हाताने दिशा विचारायचा. आधी आम्ही भलतीकडेच हात दाखवत होतो. तासाभरात निदान मला तरी जमायला लागलं. नवरा शेवटपर्यंत माझ्याकडे बघून हात वर करत होता.

आवाजानंतरची पायरी म्हणजे झाड. या पोपटाला मिरची-पेरू-हरभऱ्यात रस कमी. त्याला लागतो फुलांतला मध आणि पिकलेल्या उंबर-वडाच्या फळांचा मऊ गर. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलात कुठे पांगारा फुलला आहे, कुठे काटेसावर, कुठल्या आंब्यावर बांडगूळ बहरलं आहे, एवढं ठाऊक असलं की निम्मं काम झालं. गाईडच्या डोक्यात या सगळ्या झाडांचा नकाशा होता. एक पांगारा ‘झालो आता’ म्हणून त्याने सोडून दिला, दुसऱ्याला ‘परवा लागात’ म्हणाला, आणि तिसऱ्याखाली थांबवलं. जुन्या पक्षी-पुस्तकांत हा पोपट ताडीच्या मडक्यांवरही येतो असं लिहिलेलं आहे. मी ते सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, ‘आमच्या माडार पण येतत. बाबा गाळी घालता.’ बापाच्या शिव्या खाणारा पक्षी म्हटल्यावर माझा त्याच्यावरचा विश्वास आणखी वाढला.

पहिलं दर्शन त्या तिसऱ्या पांगाऱ्यावर. पानं झडलेली, लाल फुलांनी भरलेला, त्यावर मैना, बुलबुल, कोतवाल सगळ्यांची जत्रा. मी त्या गर्दीत शोधत होते आणि गाईड हळूच म्हणाला, ‘काकी, थंय न्हय. खाली. उलटो लटकलो हा बघा.’ फुलांच्या गुच्छाच्या खालच्या टोकाला, डोकं खाली, दोन्ही पायांनी देठ धरून, तो चोच फुलात खुपसून बसला होता. पोपटांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, पकड घट्ट, त्यामुळे उलटं होणं त्याला अजिबात जड जात नाही. एका फुलातून दुसऱ्याकडे जाताना उडत नाही, चोचीचा आधार घेत सरकतो. डोळा फिकट, जवळजवळ पांढरा. मग उडाला, कमरेवरचं लाल चमकलं, आणि ‘ची-ची-ची’ दरीपलीकडे गेलं. पाहिलं म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर. मान दुखायला लागायच्या आतच संपलं, हेही एक बरंच.

ढोली हा दुसऱ्या टप्प्याचा भाग, आणि तो सगळ्यांना दाखवत नाहीत. आधी आमची जंगलातली वागणूक पाहिली, मग गाईडनेच विषय काढला. मेलेल्या झाडाचा उभा बुंधा, त्यात वाकड्या तोंडाचं भोक. आम्हाला बऱ्याच लांब, झुडपाआड बसवलं, रंगीत ओढणी पिशवीत टाकायला लावली. जानेवारी ते एप्रिल हा यांचा विणीचा काळ. आत अस्तर घालायला पानांच्या पट्ट्या लागतात, आणि त्या आणायची मादीची रीत पाहण्यासाठी मी पुन्हा तेवढाच प्रवास करीन. इतर पक्षी काडी चोचीत धरून आणतात. ही बाई चोचीने पानाची पट्टी कापते आणि आपल्या कमरेच्या पिसांत खोचते, आपण घाईत रुमाल कमरेला खोचावा तशी. एक खोचली की दुसरी कापायची. तेवढ्यात पहिली खाली पडते. तिचं तिकडे लक्षही नसतं. मग हिरव्या झिरमिळ्या मागे लोंबत असताना उडत येते आणि ढोलीत शिरते. आफ्रिकेतल्या काही लव्हबर्ड जाती असंच करतात, आणि लव्हबर्ड हे यांच्या जवळच्या नात्यातलेच, असं नंतर घरी येऊन वाचलं.

इथेच एक प्रसंग घडला ज्यामुळे मी या गाईडला पैकीच्या पैकी गुण देते. आमच्याबरोबर पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते, खांद्यावर ६०० मिलीमीटरची लेन्स. त्यांना पक्षी मोकळ्या फांदीवर हवा होता. ‘मोबाइलवर कॉल लाव ना, लगेच येईल,’ म्हणाले. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला की नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, आणि तो घरटं-पिल्लं टाकून भांडायला येतो. फोटो मिळतो, पक्ष्याचा वेळ आणि ताकद फुकट जाते, आणि रोज नवे पाहुणे आले की रोज तेच. गाईड सौम्यपणे म्हणाला, ‘सर, हो घरट्याचो टायम. कॉल लावूचो नाय.’ गृहस्थांनी पैशाची भाषा केली. तो नुसता हसला आणि पाण्याची बाटली उघडून बसला. मला वाटलं आता मालकाकडे तक्रार जाणार. गेली. मालकानेही गाईडचीच बाजू घेतली. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मान तुकवणारे मी इतके पाहिले आहेत की हे मुद्दाम लिहिते आहे.

उलटं झोपलेलं बघायला मिळालं का? नाही. मला खूप इच्छा होती. पण अंधार पडल्यावर टॉर्च मारून झोपलेला पक्षी दाखवायला त्याने नकार दिला, आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे: हत्ती. कर्नाटकातून आलेले रानहत्ती गेली वीसेक वर्षं दोडामार्गात वावरत आहेत, केळी-माड मोडतात, आणि संध्याकाळनंतर इथे कुणी हौसेने पायवाटेला जात नाही. रोज पहाटे निघण्याआधी गाईड आसपासच्या वाड्यांवर फोन करून कळप कुठे आहे ते विचारतो. एका सकाळी ठरलेली वाट त्याने रद्द केली आणि आम्हाला हेवाळे-बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या दलदलीकडे नेलं. पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, देवराईतली थंडाई, बेडकांचे आवाज. महाराष्ट्रात अशी दलदल क्वचितच सापडते आणि ती जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर झालेली आहे. पोपट तिथे दिसला नाही, पण कुणाची तक्रार नव्हती. पुणेकरांचीसुद्धा.

आता तक्रारी.

जाहिरात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्यांच्या पत्रकात ‘हँगिंग पॅरट गॅरंटीड’ असं छापलं आहे. जंगलात गॅरंटी कसली? गाईडला ते दाखवलं तर तो ओशाळला. ते काढून टाका.

हाईड. अंगणामागे हिरव्या कापडाचा आडोसा, पुढे पाण्याचं छोटं कुंड, थेंबथेंब गळणारा नळ, कापलेली पपई. जागा चांगली, श्यामा आला, नारिंगी डोक्याचा कस्तूर आला, पाचू कवडा अगदी पायाशी फिरला, गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल गळ्याचा बुलबुल आंघोळ करून गेला. ज्यांना या पक्ष्यांचे फोटो हवेत त्यांच्यासाठी उत्तम. पण आम्ही होतो तोवर लटकणारा पोपट तिथे एकदाही उतरला नाही, आणि पॅकेजमध्ये हाईडचे ८०० रुपये सक्तीने धरलेले आहेत. ते ऐच्छिक करा आणि तेच पैसे गाईडला द्या. शिवाय आतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या हललं की कर्कश वाजतात.

दुर्बिणी. पाहुण्यांसाठी दोन ठेवल्या आहेत, हा विचार छान. पण एकीच्या आत बुरशी होती, कोकणातल्या दमट हवेत ती होणारच, आणि दुसरीत दोन डोळ्यांना दोन पांगारे दिसत होते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच लागतं. आपली न्यायची तर ८×४२ न्या, म्हणजे आठ पटीची, ४२ मिलीमीटरच्या भिंगाची. १० पटीची घेऊन वर बघत राहिलं की हात थरथरतो आणि एवढासा पक्षी चौकटीतून निसटतो. जंगलातल्या कमी उजेडातही ८×४२ बरी पडते.

पहाटेचा नाश्ता नाही, फक्त कोरा चहा. परत येईपर्यंत नऊ-साडेनऊ वाजतात. मधुमेहवाल्यांनी खाऊ बरोबर ठेवावा. एकदा परत आलं की मग तक्रारीला जागा नाही: घावणे, ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी, हवा तर बांगडा. सोलकढी मागू तितकी. खोल्या स्वच्छ, गाद्या कडक, पाणी चुलीवर तापवून देतात.

खर्च असा: माणशी दिवसाला २,४०० रुपये जेवणासकट, गाईडचे अर्ध्या दिवसाला १,२०० रुपये, मग तुम्ही दोघं असा की पाच. यात गाईडचा वाटा फारच कमी आहे असं मी मालकांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, बघू.

एक गोष्ट सेवेत मोडत नाही, तरी लिहिते, कारण रस्त्यात दिसल्याशिवाय राहत नाही. २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्याच्या बाहेर मात्र डोंगरच्या डोंगर रबराखाली गेलेले आहेत. लांबून हिरवेगार, आत शिरलं की एक पक्षी नाही. रबराच्या बागेत पांगारा ठेवत नाहीत, उंबर ठेवत नाहीत, आणि मेलेला बुंधा तर पहिल्यांदा काढतात. ढोलीत घर करणाऱ्या आणि फुलांवर जगणाऱ्या पक्ष्याने तिथे करायचं काय? गाईडच्या ओळखीचे दोन पांगारे गेल्या उन्हाळ्यात असेच गेले. कुणाच्या खाजगी जमिनीवर कुणी काय लावावं हे मी सांगणारी कोण, पण होमस्टेच्या मालकांनी आपल्या काजूबागेतला वठलेला किंदळ पाडलेला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मोजते.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. पावसात जंगल सुंदर असतं, पण जळवा असतात आणि पोपट पानांत हरवतो. सावंतवाडी किंवा थिवी स्टेशनला उतरून गाडी करावी लागते. विमानाने मोपा जवळ पडतं. चंदगडकडून तिलारी घाटाने येणार असाल तर वळणं तीव्र आहेत, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसा. बुकिंग करताना ‘गावातला गाईड हवा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर मालकांचा पुतण्या गळ्यात पडतो. तो मुलगा चांगला आहे, पण त्याला राघू आणि लटकणारा पोपट यांतला फरक अजून शिकायचा आहे. मोबाइलला रेंज फक्त अंगणाच्या तुळशीपाशी येते, म्हणून पैसे रोख न्या.